नथीची किंमत टेबलावर ठरत नाही

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. दोन वर्षांपासून घरी मोत्यांच्या नथी, कानातले आणि थोड्या ठुश्या बनवते. आतापर्यंत सोसायटीतल्या आणि नात्यातल्या बायकांनीच ते घेतले. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये तीन दिवसांचे हस्तकला प्रदर्शन आहे. ४,००० रुपये भाडे भरून मी सहा फुटी टेबल घेतले आहे. हातात सहा आठवडे आहेत, रोज दोन तास मिळतात आणि तयार माल जेमतेम साठ नग आहे. एका नथीला मला चाळीस मिनिटे लागतात. मैत्रीण म्हणते, मुंबईच्या भुलेश्वर बाजारातून तयार दागिने आण आणि टेबल भर. नथ मी १२० रुपयांना देते, तेथे किती सांगावी? सासूबाई मदतीला बसणार आहेत, पण त्यांना कोणाला ‘नाही’ म्हणवत नाही. शिवाय डिसेंबरमधल्या दुसऱ्या प्रदर्शनासाठी आतापासून आगाऊ पैसे मागितले जात आहेत. काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

टेबल भरेल की नाही या काळजीने तुमची झोप उडाली आहे, असे पत्रावरून दिसते. मला मात्र काळजी वाटली ती १२० या आकड्याची, म्हणून आधी तोच प्रश्न घेऊ.

एका नथीला किती खर्च येतो, ते कागदावर मांडून पाहा. मोती आणि मधला खडा मिळून ४५ रुपये, तार आणि चाप १५, कार्ड आणि डबी १०, असे साहित्याचे ७० रुपये आपण धरू. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, तर ते येथे घालावेत. चाळीस मिनिटांची मजुरी तासाला १२० रुपयांच्या हिशोबाने ८० रुपये होते. घरात बसून, दुपारच्या वेळात केलेल्या कामाची कसली मजुरी, असे तुमच्या मनात येईल आणि घरातले कोणी ना कोणी तसे बोलूनही दाखवील. तरीही मजुरी धरायचीच, कारण उद्या मागणी वाढली आणि शेजारच्या एखाद्या मुलीला हाताखाली घ्यावे लागले, तर ती फुकट काम करणार नाही आणि तेव्हा एकाएकी भाव वाढवणे तुम्हाला अवघड जाईल. म्हणजे नथ घराबाहेर पडण्यापूर्वीच १५० रुपयांची झालेली असते.

त्यानंतर प्रदर्शनाचा खर्च येतो. भाडे ४,००० रुपये आहे. रिक्षा, तीन दिवसांचे चहापाणी आणि जेवण, दिवे, कार्डे आणि पिशव्या यांचे १,४०० धरले, तर एकूण ५,४०० रुपये होतात. तीन दिवसांत लहानमोठे नव्वद नग विकले जातील असे मानले, तर प्रत्येक नगावर ६० रुपयांचा बोजा पडतो आणि नथ २१० रुपयांवर जाते. काही नग विकले जाणार नाहीत, एखाद्याचा मोती निघेल, एखादा बदलून द्यावा लागेल आणि शेवटी चार पैसे सुटायलाही हवेत. त्यासाठी ४० रुपये ठेवले, की किंमत २५० होते. आता तुमच्या १२० रुपयांकडे पाहा. साहित्य वजा जाता नथीमागे ५० रुपये उरतात. नव्वदच्या नव्वद नथी विकल्या गेल्या, तरी हाती ४,५०० रुपये येतील आणि खर्च ५,४०० झालेला असेल. टेबलाभोवती गर्दी, सगळा माल संपलेला, लोकांनी कौतुक केलेले आणि तरी ९०० रुपये पदरचे गेलेले, मजुरी तर हिशोबातच नाही, अशी ती तीन दिवसांची कमाई होईल.

हा बोजा सगळ्या नगांवर सारखा टाकू नये. शंभर रुपयांच्या साध्या कुड्यांवर साठ रुपये चढवले, तर त्या कोणी घेणार नाही. लहान नगावर वीस-तीस आणि मोठ्यावर शंभर-सव्वाशे अशी वाटणी करावी. बेरीज ५,४०० च्या खाली जाऊ दिली नाही, म्हणजे झाले.

ठुशीच्या बाबतीत हिशोब याच रीतीने करा, पण निर्णय कदाचित वेगळा येईल. मणी एकमेकांना घट्ट बसवत ठुशी ओवायची, मागे गोंड्याची सरकती दोरी लावायची, म्हणजे एका ठुशीचे अडीच तास सहज जातात. मजुरीच ३०० रुपये होते. साहित्य आणि टेबलाचा वाटा मिळवला, की ती सातशेच्या घरात जाते आणि मुलामा दिलेली साच्यातली ठुशी बाजारात त्याहून कितीतरी स्वस्त मिळते. दोन्ही शेजारी ठेवून फरक सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. नथीचे तसे नाही. मोत्यांचा घेर सारखा आला आहे की नाही, तारेची टोके आत वळवली आहेत की नाकाला टोचतात, हे नथ हातात घेताच कोणत्याही मराठी बाईला कळते. म्हणून माझे मत असे आहे की टेबल नथीचे असावे, कानातले तिच्या जोडीला असावेत आणि ठुश्या पाच-सहाच ठेवाव्यात. त्या विकल्या जाण्यापेक्षा लोकांना टेबलापाशी थांबवण्यासाठी जास्त उपयोगी पडतील. पुढच्या मोसमात ठुशी सोडून दिली, तरी वाईट वाटून घेऊ नका.

किमतीचा खरा अवघड भाग मात्र आकडेमोडीत नाही. ज्यांनी तुमच्याकडून १२० रुपयांना नथ घेतली, त्याच शेजारणी प्रदर्शनाला येणार आणि चारचौघींत ‘अगं, मला तर एकशेवीसला दिलीस’ असे म्हणणार. त्यांना तेथे पहिल्यांदा नवा भाव कळला, तर तुमचा आवाज खाली येईल आणि तुम्ही जुन्याच भावाने द्याल, ही काळ्या दगडावरची रेघ समजा. म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजच कळवून टाका की गणपतीपर्यंत आलेल्या मागण्या जुन्या दराने पूर्ण होतील आणि त्यानंतर नवे दर लागू राहतील. कारणे देत बसू नका. दर कळवणे पुरेसे आहे. यात एक फायदाही आहे : ज्यांना खरेच हव्या आहेत, त्या आत्ताच मागणी नोंदवतील आणि साहित्याचे पैसे तुमच्या हातात येतील.

आता वेळेकडे वळू. सहा आठवडे, रोज दोन तास, म्हणजे कागदावर ८४ तास होतात, पण मध्ये गणपती आहेत आणि नवरात्रही आहे. घरात गौरी असतील, तर ते तीन-चार दिवस मणी हातात घेता येणार नाहीत आणि कालिका देवीच्या यात्रेच्या दिवसांत पाहुणेही येतातच. ६० ते ६२ तास खरे धरा. चाळीस मिनिटांच्या हिशोबाने पंचेचाळीस नथींना ३० तास लागतील. अर्ध्या तासाचे कानातले चोवीस जोड केले, तर १२ तास आणि सहा ठुश्यांचे १५ तास, असे ५७ तास झाले. उरलेले तास कार्डे लावणे, किमतीच्या चिठ्ठ्या आणि डब्या यांना लागतात आणि तेवढे लागतातच. तयार साठ आणि नवे पंचाहत्तर मिळून १३५ नग होतात. सहा फुटी टेबलाला ते पुरे आहेत. त्यातले दोन-तृतीयांश गेले, तर आपण धरलेला नव्वदचा आकडा गाठला जातो.

या पंचेचाळीस नथींत पंधरा नमुने करण्याचा मोह होईल, तो टाळावा. सहा नमुने आणि प्रत्येकी सात-आठ नग ठेवले, तर एक विकला गेल्यावर दुसरा पुढे ठेवता येतो आणि बहिणी-बहिणींना सारख्या नथी हव्या असल्या तरी देता येतात. आजकाल नाक टोचलेल्या मुली कमी असल्याने बऱ्याचशा नथी चापाच्या असाव्यात, पण आठ-दहा तरी टोचलेल्या नाकात घालायच्या, तारेच्या ठेवा. पन्नाशीपुढच्या बायका त्याच विचारतात आणि नसल्या, की दुसरे काही न पाहता पुढे जातात. बांगड्यांच्या वाटेला मात्र या वेळी जाऊ नका. बांगडीत दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी मापे असतात. दोन-चार म्हणजे आतला व्यास दोन पूर्णांक चार-सोळांश, अर्थात सव्वादोन इंच, आणि दोन-आठ म्हणजे अडीच इंच. एकेक नमुना निदान तीन मापांत ठेवला नाही, तर आवडलेली बांगडी हातात जात नाही म्हणून गिऱ्हाईक परत जाते.

साहित्य एकदाच आणि लवकर घ्या. चाप, कड्या, हूक, फिरक्या आणि तार आपल्या सराफ बाजाराच्या परिसरातल्या दुकानांतून घ्याव्यात. पावसाचा जोर असेल आणि गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले असेल, तर दोन दिवस थांबून जावे, हे नाशिककराला सांगायला नको. मोती मोठ्या प्रमाणात घ्यायचे असतील, तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन भुलेश्वरहून आणून रात्री परत येता येते. सगळे मोती एकाच खेपेत घ्यावेत, कारण पुढच्या वेळी तोच पांढरा रंग मिळेल याची खात्री नसते आणि एका नथीत दोन छटा आल्या, की ती शिळी दिसते.

भुलेश्वरचे नाव निघालेच आहे, तर मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल सांगतो. सुटे मोती, चाप आणि कड्या तेथून आणणे आणि तयार दागिने आणून आपल्या टेबलावर मांडणे, यांत मोठा फरक आहे. एक तर हे हस्तकला प्रदर्शन आहे आणि अशा ठिकाणी तयार माल चालत नाही, असा नियम बहुतेकदा असतो. तो अर्जाच्या कागदावर वाचून घ्या. नियम नसला, तरी व्यवहार म्हणूनही तो सौदा आतबट्ट्याचा आहे. नाशिकच्या बायका लग्नाच्या खरेदीला मुंबईला जातात, त्यांनी तो हार तेथे पाहिलेला असतो. तिसऱ्या टेबलावर तोच हार तुमच्यापेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त असण्याची शक्यताही भरपूर असते. आणि एकदा तो ओळखला गेला, की शेजारी ठेवलेली, तुम्ही चाळीस मिनिटे बसून गुंफलेली नथही आणलेलीच ठरते. मग २५० रुपये कोणत्या तोंडाने सांगणार? टेबल थोडे मोकळे दिसले, तरी चालेल.

घडणीतल्या दोन-तीन बाबी आत्ताच तपासून घ्या. नथ तुटते ती बहुधा मोत्यापाशी नाही, चापापाशी तुटते. पितळेची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली, की कडक होऊन मोडते. म्हणून प्रत्येक चाप सात-आठ वेळा उघडून मिटून पाहावा आणि ज्याची पकड सैल पडेल, तो बाजूला काढावा. मोती ओवायला २६ किंवा २८ गेजची तार वापरत असाल, तर ते ठीक आहे. आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, हे दुकानात मागताना लक्षात ठेवा. तारेचे शेवटचे टोक बोटाच्या गादीवर फिरवून पाहावे. तेथे खरखर लागली, तर नाकालाही लागणार. कानातल्यांचे वजन स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर करा आणि एका कानाचे वजन दहा-बारा ग्रॅमच्या वर जात असेल, तर मणी कमी करा, कारण जड कानातले हौसेने घेतले जातात आणि एकदा घालून कपाटात पडतात. ते घेणारी बाई पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

तुमच्या मालात जर्मन सिल्व्हर असेल, तर त्याच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. नावात सिल्व्हर असले, तरी तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे, त्यात चांदी नसते. निकेलमुळे काहींच्या कानांच्या पाळ्यांना खाज सुटते आणि पुरळ येते, म्हणून कानात जाणारी दांडी किंवा हूक तेवढा चांगल्या स्टेनलेस स्टीलचा लावावा. दोन-तीन रुपये जास्त जातात. मुलाम्याच्या दागिन्याला ‘मुलामा’ असेच म्हणावे. ‘चांदीची आहे का’ असे विचारल्यावर ‘चांदीसारखीच’ असे गोल उत्तर देणाऱ्या विक्रेत्या मी पाहिल्या आहेत आणि ते उत्तर ऐकून गिऱ्हाईक सावध झालेलेही पाहिले आहे. जेथे चार पावलांवर सराफ बाजार आहे, त्या गावात धातूबद्दल थाप चालत नाही. सोबत एक छोटी चिठ्ठी द्या : अत्तर आणि पावडर लावून झाल्यावर दागिना घालावा, काढल्यावर सुती कापडाने पुसून डबीत ठेवावा. काचमोत्यांवरचा थर अत्तराने उतरतो आणि मग दोष तुमच्यावर येतो. तुमचा स्वतःचा साठाही पावसाळ्याच्या दमटपणात काळवंडू नये, म्हणून डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घाला. त्या नसल्या, तर खडूचे तुकडेही बऱ्यापैकी काम देतात.

मांडणीबद्दल बायका खूप विचार करतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीवर करतात. खणाचे कापड टेबलावर सुंदर दिसते यात शंका नाही, पण त्याच्या नक्षीत नथ हरवून जाते. शुभ्र कापडावर मोती दिसत नाहीत. गडद, एकरंगी, मरून किंवा काळपट हिरवे कापड घ्या आणि ते पुढून जमिनीपर्यंत सोडा, म्हणजे खाली खोकी आणि डबे लपतील. खण आवडत असेल, तर शिंप्याकडून उरलेले तुकडे आणून त्याचे लहान बटवे शिवा आणि डबीऐवजी नथ त्यात द्या. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहेच, तेव्हा बटवे आणि कागदी पिशव्या शोभतीलही आणि चालतीलही.

सगळे नग टेबलावर आडवे पसरू नका. आडव्या टेबलावरची नथ पाहायला माणसाला वाकावे लागते आणि गर्दीत कोणी वाकत नाही. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना तेच कापड गुंडाळून मागे उंच पायऱ्या करा, ठुश्या मानेच्या आकाराच्या स्टँडवर उभ्या ठेवा आणि प्रत्येक नमुन्याची एक नथ डोळ्यांच्या उंचीवर आणा. हॉलमधल्या ट्यूबलाइटचा उजेड डोक्यावरून पडतो, त्यामुळे मोती निस्तेज दिसतात. घरातला टेबललॅम्प आणि लांब वायरचा बोर्ड न्या, पण वीज जोडणीचे वेगळे पैसे आहेत का, ते आयोजकांना आधी विचारा. आणि आरसा न्या. एक चेहऱ्याच्या उंचीचा, उभा, आणि एक हातात धरायचा. नथ नाकाला लावून पाहिल्याशिवाय कोणी विकत घेत नाही. ती लावल्यावर आरसा नसेल, तर बाई मैत्रिणीला विचारते, मैत्रीण ‘ठीक आहे’ म्हणते आणि नथ परत टेबलावर येते. प्रत्येक नमुन्याची एक नथ लावून पाहण्यासाठी वेगळी ठेवा आणि ती दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. कानातले मात्र कानात घालू देऊ नका, कानाजवळ धरून दाखवा. प्रत्येक नगावर किमतीची चिठ्ठी लावलेली असावी. भाव विचारायला संकोच वाटणाऱ्या बायका न विचारताच निघून जातात.

सासूबाईंचे काय, हा प्रश्न तुम्ही जरा बिचकत विचारला आहे. मला वाटते, त्या तुमच्या टेबलाचे बळ ठरतील, फक्त त्यांच्या हाती पैसे देऊ नका. पैशाची पिशवी तुमच्या कमरेला आणि आरसा त्यांच्या हातात, अशी विभागणी करा. नऊवारीवर कोणती नथ, येवल्याच्या पैठणीवर कोणता खडा, लांब नाकाला केवढा घेर शोभतो, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असणार आणि वयस्क गिऱ्हाइके तुमच्याशी बोलण्याआधी त्यांच्याशी बोलतील. कोणी भाव कमी करायला सांगितले, तर त्यांनी एवढेच म्हणावे की ‘हिशोब सूनबाई पाहतात’. त्यांना ‘नाही’ म्हणावे लागत नाही आणि भावही मोडत नाही. मात्र हे प्रदर्शनाच्या सकाळी न सांगता आधी घरी निवांत बसून ठरवा आणि १५०, २१०, २५० ही बेरीज त्यांनाही कागदावर दाखवा. आकडा एकदा समजला, की कदाचित त्याच तुमच्यापेक्षा घट्ट निघतील.

घासाघीस होणारच. ‘बाहेर शंभरला मिळते’ असे कोणी म्हटले, तर वाद घालू नका. ‘मिळते, ताई. ही मी स्वतः गुंफलेली आहे आणि चाप सैल झाला तर वर्षभर घट्ट करून देईन’ असे म्हणून नथ तिच्या तळहातावर ठेवा. एका नगावर एक रुपयाही सोडू नये. दोन नग घेतले तर काय सोडायचे, ते मात्र आधी ठरवून ठेवावे. नथ २५० आणि कानातले २२० मिळून ४७० होतात, तर जोडीचे ४४०, असे चिठ्ठीवर लिहूनच ठेवा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आवराआवर सुरू झाली, की निम्म्या भावात मागणाऱ्या येतात. त्यांना द्यायचे नाही. सकाळी पूर्ण भावाने घेतलेल्या बाईला हे कळायला फार वेळ लागत नाही.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मिळून हजार-दीड हजारांची मोड आधीच आणा. यूपीआयचा कोड टेबलावर दोन ठिकाणी लावा आणि पैसे आले की नाही, ते आपल्याच फोनवर पाहा, समोरच्याच्या पडद्यावर नव्हे. त्या हॉलमध्ये कोणत्या कंपनीचे नेटवर्क येते, हे आदल्या दिवशी जाऊन पाहिले, तर बरे. कार्बनचे बिलबुक ठेवा. जीएसटीची धास्ती घेऊ नका : राज्याच्या आतच फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या पुढे जाईपर्यंत नोंदणीची सामान्यतः सक्ती नाही. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी मात्र करून घ्या. ती आधार क्रमांकावर, ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत होते, त्यासाठी एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही.

आयोजकांना दोन गोष्टी अवश्य विचारा : दागिन्यांची एकूण टेबले किती आहेत आणि रात्री माल हॉलमध्ये ठेवला तर कुलूप आणि राखणदार कोणाचा. दागिन्यांची टेबले खूप असतील, तर तुमचे टेबल त्यांच्या रांगेत नको, साड्यांच्या शेजारी मागा. नवी पैठणी हातात असलेली बाई नथीकडे आपणहून वळते. आणि राखणदार असला, तरी माल रात्री घरी आणावा. हार्डवेअरच्या दुकानात खिळे-स्क्रूसाठी खणांचे डबे मिळतात, त्यांत तो सुटसुटीत राहतो आणि प्रत्येक खणात किती नग होते, ते मोजताही येते.

टेबलावर एक वही ठेवा. दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराई सुरू होते, त्यामुळे ‘नवरीसाठी अशीच, पण मोठी करून द्याल का’ असे विचारणाऱ्या येतील. निम्मे पैसे आगाऊ घेऊन, नाव आणि फोन लिहून मागणी घ्या आणि तारीख देताना चार दिवस जास्तच सांगा. संक्रांतीच्या वाणासाठी एकदम पन्नास नग मागणारीही एखादी येईल आणि एवढे घेते म्हणून निम्मा भाव मागेल. येथे सावध राहावे. पन्नास नगांत साहित्य थोडे स्वस्त पडते आणि टेबलाचा बोजा नसतो, पण पन्नासाव्या नथीलाही चाळीस मिनिटेच लागतात. २५० ची नथ १९० पर्यंत देता येईल, १५० च्या खाली कधीच नाही. वाणासाठी वीस मिनिटांत होणारी, कमी मोत्यांची चमकी वेगळी काढून तिचा भाव वेगळा ठेवणे अधिक शहाणपणाचे.

डिसेंबरच्या प्रदर्शनाचे आगाऊ पैसे आत्ता भरू नका. दर्शनी जागा हातची जाईल अशी घाई केली जाईल, जाऊ द्यावी. या तीन दिवसांत रोज रात्री त्याच वहीत दोन रकाने करा : एकात कोणता नमुना किती विकला गेला आणि दुसऱ्यात कोणता नमुना बायकांनी हातात घेतला, लावून पाहिला आणि परत ठेवला. दुसरा रकाना सासूबाईंना विचारून भरा, आरसा त्यांच्याच हातात असेल. खर्च, मजुरी आणि भाडे वजा जाऊन काही उरले असेल, तर दिवाळीच्या फराळातून मोकळ्या झाल्यावर डिसेंबरवाल्यांना फोन करा आणि तेव्हा मिळेल ते टेबल घ्या.